तीनशे अकरा स्थळांवर एकच नाव

"हेरंब, तुला एवढ्या मुलींचं काय करायचंय?"

शुक्रवारी सकाळी पावणेनऊ वाजता इंदूताई वाळिंब्यांनी फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दात घासत होतो. तोंडात फेस असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन दिवस फेस नव्हता, तरीही देता आलं नाही.

इंदूताई आमच्या कराडातल्या अनुबंध वधू-वर सूचक मंडळाच्या चिटणीस. जातीची अट नसलेलं गावातलं ते एकच मंडळ, त्यामुळे ज्यांचं जातीत जमत नसे ते सगळे शेवटी तिथे येत. ताई एकतीस वर्षं ते सांभाळत होत्या. मी सव्वीस वर्षांचा होतो, लोकांच्या वेबसाइटी बनवायचो, आणि मंडळाची वेबसाइटही मीच बनवली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी तिच्या सॉफ्टवेअरवर अपडेटचा लाल ठिपका दिसला. लाल ठिपका दिसला की तो दाबायचा, एवढंच माझं तेव्हाचं तांत्रिक धोरण होतं. मी दाबला, हिरवी खूण आली आणि मी वडापाव खायला गेलो. आधी बॅकअप घ्यायचा असतो हे मला माहीत होतं. ते मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतही असे.

मंडळाचं ऑफिस सोमवार पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर होतं. मी पोचलो तेव्हा दोन्ही फोन वाजत होते आणि ताई दोन्हींकडे शांतपणे बघत होत्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

मुलींच्या पानांवर सगळ्यात वर, फोटोच्याही वर, एक ओळ आली होती. इंग्रजीत. वॉर्निंग, अमुक एक रकाना सापडत नाही, आणि तो कुठल्या फाइलीत सापडत नाही त्या फाइलीचा पूर्ण पत्ता. पत्त्यात आधी होम, मग तिरकी रेघ, मग हेरंब, मग आणखी दोन-तीन रेघा, आणि शेवटी ओळ क्रमांक सत्तेचाळीस. सर्व्हरवरचं खातं माझ्या नावाने होतं, म्हणून पत्त्यात माझं नाव. अशा ओळी जगात रोज लाखो पानांवर येतात आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

पण अनुबंध मंडळात पानाच्या माथ्याला एक अर्थ होता. पहिल्यापासूनची पद्धत अशी: एखाद्या घराने मुलीचं स्थळ पसंत केलं, बोलणी सुरू करायची ठरवली, की ताई रजिस्टरात त्या मुलीच्या पानाच्या माथ्यावर मुलाचं नाव पेन्सिलीने लिहीत. जोवर नाव वर आहे तोवर दुसऱ्या कोणी त्या मुलीची चौकशी करायची नाही. बोलणी फिसकटली तर नाव पुसायचं, पण आधी मागच्या बाजूला कारण लिहायचं. कारणाशिवाय ताईंनी आजवर एकही नाव पुसलेलं नव्हतं. वेबसाइट बनवताना त्यांनी मला एवढी एकच गोष्ट तीनदा बजावली होती, माथ्याची जागा मोकळी ठेव म्हणून. मी ठेवली होती. एरर नेमकी तिथे आली.

"लोक इंग्रजी वाचत नाहीत का?" मी विचारलं.

"वाचतात की. पण माथ्यावर नावाशिवाय दुसरं काही असतं हे त्यांना ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. "तीनशे अकरा मुली आहेत. मी मोजल्या."

प्रश्न मी समजत होतो त्याहून वाईट होता. रविवारी अकरा वाजता मंडळाचा वार्षिक मेळावा होता. एकशे नव्वद मुलगे येणार होते, सांगली, सातारा, विटा, पार गडहिंग्लजपासून, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे त्यांनी जिची चौकशी करावी अशी मोकळी मुलगी शिल्लक नव्हती. सगळ्या माझ्याकडे होत्या. मेळावा रद्द करायचा तर ताईंना एकतीस वर्षांत प्रथमच लोकांना तसं कळवावं लागणार होतं. आणि मेळावा झालाच, तर ज्यांची बोलणी चालू आहेत त्या मुलांनी स्टेजवर येऊन ओळख करून द्यायची प्रथा होती. मी स्टेजवर जाऊन काय सांगणार होतो कोण जाणे.

मी म्हटलं, ताई, एक मिनिटाचं काम आहे. एरर दाखवायचीच नाही अशी सोय असते. ती आहे तिथेच राहते, फक्त दिसत नाही.

ताईंनी माझा हात माउसवरून उचलून टेबलावर ठेवला.

"तीनशे अकरा घरांनी काल रात्रीपासून तुझं नाव पाहिलंय. आता ते एकाएकी गेलं, तर लोक विचारतील, का गेलं? आपण कारण दिलं नाही तर ते आपापलं घालतील. आणि लोकांनी घातलेलं कारण मुलीलाच चिकटतं, मुलाला कधी चिकटत नाही. एकतीस वर्षं बघतेय मी."

तांत्रिकदृष्ट्या या म्हणण्यात काही चूक काढता येत नव्हती. मी खिशात हात घालून उभा राहिलो.

तोवर बातमी आमच्या घरी पोचली होती. आईचा फोन आला. तिला दोन बायकांनी बाजारात अडवून विचारलं होतं की तुमच्या मुलाला नक्की हवंय तरी काय. तिने आधी माझ्या वतीने माफी मागितली होती. तिसऱ्या बाईने विचारल्यावर मात्र तिचा सूर बदलला. फोनवर ती मला म्हणाली, झालंय ते झालंय, पण त्यातल्या एक-दोन बघून ठेवायला काय हरकत आहे. साडेदहाच्या सुमाराला ओगलेवाडीहून एक गृहस्थ मला प्रत्यक्ष बघायला आले. दारात उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ताईंना नमस्कार केला आणि एक शब्दही न बोलता परत गेले. संध्याकाळपर्यंत असे चार आले. चौथ्याने निदान घोटभर पाणी घेतलं.

दुपारी मी ताईंना म्हटलं, कारणच हवंय ना, मग खरं कारण देऊ या. त्यांना पटलं. म्हणून तीनशे अकरा घरांना एकच संदेश पाठवला: आपल्या मुलीच्या स्थळावरील हेरंब शिराळकर हे नाव तांत्रिक अडचणीमुळे मागे घेण्यात येत आहे.

हा संदेश मी लिहिला होता. आजही मला तो भाषेच्या दृष्टीने निर्दोष वाटतो.

पाच मिनिटांत दोन्ही फोन पुन्हा सुरू झाले. पहिल्या बापाने विचारलं, आमच्या मुलीत तांत्रिक अडचण आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं. दुसऱ्याने डॉक्टरांचा दाखला आणून देतो म्हणून सांगितलं. मलकापूरच्या एका मावशींनी, अडचण मुलीत आहे की मुलात तेवढं स्पष्ट लिहून द्या आणि मुलात असेल तर तसा बोर्ड लावा, अशी मागणी केली. ताईंनी नावं पुसायचं काम तिथेच थांबवलं. संदेश मागे घेतला हे सांगायला दुसरा संदेश पाठवावा लागला. तोही मीच लिहिणार होतो, पण ताईंनी कागद काढून घेतला.

"आता उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत खरं कारण सापडलं तर मेळावा. नाहीतर रविवारी सकाळी हॉलच्या दारात मी स्वतः उभी राहून सगळ्यांना परत पाठवीन."

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. त्यांना राग आलेला मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता, तेव्हाही दिसला नाही. चष्मा मात्र त्यांनी बराच वेळ पुसला.

शनिवारी सकाळी नऊला पिसाळ आले. जगन्नाथ पिसाळ, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे तीस वर्षं माइकवरून सांगितल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही सगळ्या स्थानकासाठी असायचं. मागे त्यांची मुलगी होती, रेवती. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधात पाणी किती हे तपासायची. ती आल्या आल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. या माणसाशी आपला संबंध नाही असं तिला दाखवायचं होतं, पण दोघांची नाकं अगदी एकसारखी होती.

पिसाळांनी मला विचारलं, "वेबसाइटवाले तुम्हीच ना?"

मी आधीच माफी मागितली. म्हटलं, तुमच्या मुलीच्या पानावर नाव आलंय ते चुकून आलंय, आज संध्याकाळपर्यंत…

"नाही आलं."

"काय?"

"आमच्या पोरीच्या पानावर नाही आलं. काल रात्री मी बसून सगळी पानं बघितली. तीनशे बारा पोरी आहेत. तीनशे अकरांवर तुमचं नाव आहे. एक सोडली. ती आमची. आमच्या पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा, आम्ही जातो."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मी पान उघडलं. खरंच, रेवती जगन्नाथ पिसाळ, नोंदणी क्रमांक दोनशे अठरा, माथा स्वच्छ. तीनशे बारा मुलींत ती एकटीच मोकळी होती.

मी म्हटलं, काका, उलट चांगलं झालं की. तुमच्या पानाला काहीच झालेलं नाही. पिसाळांना ते अजिबात चांगलं वाटलं नाही. गावात काय बोललं जाणार हे त्यांनी मला फलाटवार समजावून सांगितलं. लोक म्हणणार, ज्या मुलाने तीनशे अकरा जणींना हो म्हटलं, त्यानेसुद्धा पिसाळांची पोरगी वगळली. एकोणतीस वर्षांची आहे, आधीच सात ठिकाणांहून नकार आलेला. आता आठवा नकार वेबसाइटने दिला.

"सगळ्यांना आलीय ना एरर? मग आमच्या पोरीलाही आणा," ते म्हणाले. "आम्ही काय फी भरलेली नाही?"

एरर यावी म्हणून कोणी तक्रार केल्याची माझ्या कारकिर्दीतली ही पहिली वेळ. तिला उत्तर द्यायचं तर आधी एरर हे एकच पान का सोडून गेली ते शोधणं भाग होतं. मी ती फाइल उघडली. खरं सांगायचं तर दोन दिवसांत प्रथमच उघडली. एरर स्वतःच सांगत होती, सत्तेचाळीसावी ओळ बघ, आणि मी ती लपवायची कशी, पुसायची कशी, तिच्याबद्दल संदेश कसा लिहायचा हे सगळं करून बसलो होतो. ती बघायची तेवढी राहिली होती.

सत्तेचाळीसाव्या ओळीत एकच काम होतं. मुलीच्या फॉर्ममधला एक रकाना उचलून पानावर दाखवायचा. रकाना रिकामा असला तर जुनं सॉफ्टवेअर गप्प बसायचं आणि पुढे जायचं. नवं सॉफ्टवेअर गप्प बसत नव्हतं.

"कुठला रकाना?" ताईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "मुलीच्या स्वतःच्या अपेक्षा."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

मी ताईंना विचारलं की बाकीच्या तीनशे अकरा जणींनी हा रकाना भरलाच नाही का. ताईंनी मागच्या कपाटातून फॉर्मचे गठ्ठे काढले आणि टेबलावर ठेवले. मी वरचे वीस-पंचवीस चाळले. बापाचं अक्षर, मामाचं अक्षर, भावाचं अक्षर. उंची, रंग, रास, नाडी, मामाचं गाव, सगळं भरलेलं. तो रकाना आला की एक आडवी रेघ, नाहीतर तेही नाही.

"आणि मुलांच्या फॉर्मला असतो का हा रकाना?" कॅलेंडरकडून आवाज आला. रेवती पहिल्यांदाच बोलत होती.

असतो, मी म्हटलं. मुलांचा इतका भरून यायचा की पान फुटायला लागलं, म्हणून तिथे मला पाचशे अक्षरांची मर्यादा घालावी लागली होती.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कॅलेंडर वाचायला लागली.

तिच्या स्वतःच्या फॉर्मवर तो रकाना निळ्या शाईने भरलेला होता. एक: माझी नोकरी फिरतीची नाही, त्याचीही नसावी. दोन: दही विरजता आलं पाहिजे, निदान शिकायची तयारी हवी. तीन: मला प्रश्न विचारला तर माझं उत्तर संपेपर्यंत थांबावं. पिसाळांनी तो कागद दुरूनच ओळखला.

"हेच ते. याच्यामुळेच सात नकार," ते म्हणाले. "मी हिला दहादा सांगितलं, लोक हा रकाना भरत नाहीत. कारण आता सापडलंय ना? तेवढं काढून टाका. रिकामा करा. मग येईल एरर, सगळ्यांसारखी."

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. रकाना रिकामा केला असता तर दुसऱ्या क्षणी रेवतीच्या माथ्यावर माझं नाव आलं असतं आणि पिसाळ समाधानाने घरी गेले असते. मी ताईंकडे पाहिलं. ताई पिसाळांकडे बघत होत्या.

"पिसाळ, तुम्ही खाली जाऊन चार चहा सांगून या," त्या म्हणाल्या.

पिसाळ गेले. तीस वर्षं गाड्यांना हलायला सांगणारा माणूस चहा सांगायला निमूट जिना उतरला. ताईंनी फॉर्मच्या गठ्ठ्यांचे तीन वाटे केले. एक माझ्यापुढे सरकवला, एक स्वतःपुढे ओढला, आणि तिसरा हातात धरून रेवतीला विचारलं की आज तिला सुट्टी आहे का. रेवती म्हणाली, दुपारी दोनला संकलन येतं, पण दुधाला काय, ते रोजच येतं.

"प्रत्येक घरी फोन करायचा," ताईंनी सांगितलं. "बापाने उचलला तर मुलीला द्या म्हणायचं. आई म्हणाली मला सांगा, तरी मुलीलाच द्या म्हणायचं. ती फोनवर आली की एवढंच विचारायचं, तुझ्या अपेक्षा काय. ती जे बोलेल तेच लिहायचं. आपलं काही घालायचं नाही. आणि हेरंब, तू सुधारून लिहायचं नाहीस."

"आणि माझं नाव?"

"रकाना भरला की जातं ना ते?"

जात होतं. रकान्यात दोन शब्द पडले की त्या पानाची एरर बंद. वरचं नाव आपोआप नाहीसं.

"मग कारण सापडलं," ताई म्हणाल्या. "मुलीला विचारलं नव्हतं. आता विचारलं."

पहिला फोन मी लावला. वडील म्हणाले, अपेक्षा काही नाहीत, मुलगी समजूतदार आहे. मी म्हटलं, तिला द्या. ते म्हणाले, ती असं काही बोलणार नाही. मी म्हटलं, तरी द्या. मुलगी फोनवर आली. मी विचारलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की लाइन कटली असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"आहे मी," ती म्हणाली. "तुम्ही खरंच विचारताय का? लिहून घेणार?"

मी हो म्हटलं. तिने सांगितलं, नवऱ्याला पोहता आलं पाहिजे. तिला स्वतःला येत नव्हतं आणि घर नदीकाठी होतं. मी तेवढं टाइप केलं, सेव्ह केलं. पान उघडलं. माथा स्वच्छ. तीनशे दहा राहिले.

दुपारपर्यंत माझा कान तापला होता. बहुतेक जणी आधी म्हणत, बाबांना विचारून सांगते. ताईंची सूचना होती की त्यावर काही न बोलता फोन धरून ठेवायचा. थोड्या वेळाने त्या बोलायच्या. एकीला घरात दुसरं बाथरूम हवं होतं. एकीची मांजर बरोबर येणार होती आणि त्यावर चर्चा नव्हती. उंडाळ्याच्या एकीने सांगितलं, नवरा कसाही चालेल, पण मला वर्षातून एकदा आठ दिवस कुणालाही न सांगता माहेरी जायचंय, आणि परत आल्यावर का गेली होतीस विचारायचं नाही. एकजण बावीस मिनिटं बोलली आणि शेवटी म्हणाली, यातलं काही लिहू नका, फक्त "विचार चालू आहे" एवढं लिहा. मी लिहिलं. एरर गेली.

चौदा जणींची लग्नं केव्हाच झाली होती, घरच्यांनी नाव काढायला सांगितलं नव्हतं एवढंच. त्यांतली एक पाटणला दोन मुलांना अभ्यासाला बसवत होती. मी माफी मागून फोन ठेवायला लागलो तर म्हणाली, "थांबा. आता सांगून उपयोग नाही, पण लिहाच तुम्ही." आणि तिने चार मुद्दे सांगितले, क्रमांक घालून. मुलांना मध्येच एकदा दटावलं आणि पुन्हा तिसऱ्या मुद्द्यावर आली.

पिसाळ चहा घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. रेवती शेजारी बसून फोनवर फोन करत होती आणि ते ऐकत होते. तिसऱ्या तासाला त्यांनी स्वतःहून राहिलेल्या नंबरांची यादी हातात घेतली आणि ज्या घरचा बाप मुलीला फोन देत नव्हता तिथे त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यांच्या आवाजापुढे कोणी टिकत नव्हतं. सदाशिवगडच्या एका बापाला त्यांनी सांगितलं, "मुलीला फोन द्या. लवकर द्या. मागे गाड्या खोळंबल्यात." त्याने दिला.

मध्ये एकदा चहाच्या वेळी मी रेवतीला विचारलं की तिच्या पानावर एरर आणायची राहिलीय, आणू का. दही मला विरजता येतं, हेही जाता जाता सांगितलं.

"तिसरा मुद्दा," ती म्हणाली.

"मी थांबलोच होतो की."

"आत्ता नाही थांबलात."

एवढ्यावर तो विषय संपला. पुढच्या वर्षी तिने विट्याच्या एका मुलाशी लग्न केलं. मी पाहिलंय त्याला. तो खरोखर थांबतो.

साडेसहाला शेवटचा फोन झाला. रेवती आणि पिसाळ निघाले. जिन्यात पिसाळ मोठ्याने म्हणत होते की दुसरा मुद्दा जरा सौम्य करता येईल का, आणि ती म्हणत होती, नाही. मी साइटवर राहिलेल्या एरर मोजल्या. शून्य यायला हव्या होत्या. एक आली.

मला वाटलं, माझी काहीतरी चूक. पुन्हा मोजलं. एकच. गठ्ठ्यांत पाहिलं, एकही फॉर्म उरलेला नव्हता. मग यादीत शोधलं. नोंदणी क्रमांक एक. त्याचा छापील फॉर्म नव्हताच, पहिल्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदी टायपिंगच्या क्लासमधल्या मुलींनी सरसकट चढवल्या होत्या, त्यातली ही पहिली. फोटो नाही. शिक्षण बी. ए., विषय मराठी. उंची पाच फूट एक इंच. वर्ण गव्हाळ. स्वयंपाक, शिवण, हिशेबाची आवड. कुमारी इंदुमती विष्णू वाळिंबे.

वर माझं नाव.

ताई टेबल आवरत होत्या. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, सगळं, वर्णापर्यंत.

"नाव नोंदवायला आले होते मी," त्या म्हणाल्या. "मंडळ काढणारे लिमये होते तेव्हा, त्याच आठवड्यात सुरू केलेलं. रजिस्टर कोरं होतं. लिमये म्हणाले, बाई, रेघा आखायला कोणी नाही, तुमचं अक्षर बरं दिसतंय. मी आखून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार नावं आली."

"आणि?"

"आणि काय. बसले ती बसले."

मी विचारलं, तेव्हाही हा रकाना होता का. त्या म्हणाल्या, नाही, तो त्यांनीच नंतर वाढवला, तिसऱ्या की चौथ्या वर्षी. लिमये हसले होते, पण छापायला हो म्हणाले.

सकाळपासून मी शंभराहून जास्त वेळा तो प्रश्न विचारला होता. जीभ त्याला सरावली होती. तरी त्यांच्यासमोर खुर्चीत नीट बसावं लागलं.

"ताई, तुमच्या अपेक्षा काय?"

ताई गप्प राहिल्या. मीही त्यांनीच शिकवल्याप्रमाणे गप्प राहिलो. खाली दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. ताईंनी एक कागद उचलला, तो बरोबर होता त्याच जागी परत ठेवला.

"वर कुणाचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"ते काढायचंय तुला?"

दोन दिवस मी दुसरं काहीही मागितलं नव्हतं. पण त्या ज्या तऱ्हेने विचारत होत्या त्यावरून मला कळलं की त्या खोलीत या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

"माझी घाई नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे," ताई म्हणाल्या. "एकतीस वर्षं माथा कोराच होता." आणि त्यांनी पर्स घेतली, दिवा घालवला, आणि मला कुलूप लावायला सांगितलं. उद्या अकराला येताना इस्त्रीचा शर्ट घालून ये, हेही सांगितलं.

मेळावा झाला. एकशे नव्वद मुलगे आले, आणि पहिला तासभर हॉलमध्ये कोणी कुणाशी बोललं नाही, कारण सगळे उभ्या उभ्या मोबाइलवर तो रकाना वाचत होते. अकरा जण पोहायला येतं का या प्रश्नापाशीच परत गेले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. वेबसाइट दोनदा नव्या सर्व्हरवर गेली, सॉफ्टवेअरची कितीतरी अपडेट आली. आता मी आधी बॅकअप घेतो. अपडेटनंतर सगळी पानं तपासतो, कुठे वॉर्निंग दिसली तर त्या ओळीवर जाऊन दुरुस्त करतो. आता सॉफ्टवेअर इतकं शहाणं झालंय की रिकामा रकाना दिसला तरी ते आपणच सांभाळून घेतं. त्यामुळे दर वेळी शेवटी क्रमांक एकचं पान उघडावं लागतं. तिथलं नाव गेलेलं असतं. मग मी दार लावून बसतो, ती ओळ हाताने पुन्हा बिघडवतो, नाव वर आलं याची खात्री करतो, आणि मगच साइट लोकांसाठी उघडतो.